यंत्राला मंजुरी, सेलला नाही

कागलच्या एमआयडीसीत भंगाराच्या भावावरून एका कारखानदाराशी माझी जुंपली होती, तेव्हा मुलीच्या शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला. "आज रजनीबाई येणार न्हाईत." मी ओरडलोच, "मग बदली कोण पाठवताय?" हेडमास्तर म्हणाले, "बदली कुठली? बाई पहाटे गेल्या. हार्ट अटॅक." त्याला काही आठवडे झाले. बदली अजून आलेली नाही.

रजनीबाई विशेष शिक्षिका होत्या, शासनाच्या भाषेत कंत्राटी. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायला स्कूटरवरून तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा फिरायच्या. आमच्या गावची पाळी मंगळवारी. माझी वैष्णवी जन्मापासून फार कमी ऐकते. तिला आणि शाळेतल्या आणखी दोघांना शासनाने श्रवणयंत्रं दिली. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी हार घालून घेतले, मुलांच्या कानाजवळ वाकून फोटो काढले. पंधरवड्यात सेल संपले, आणि सेलसाठी तरतूदच नव्हती! एवढी अक्कल हे लोक कुठून गोळा करतात, देव जाणे. मी वैष्णवीपुरते सेल आणून बाईंकडे द्यायचो. एकदा मधल्या सुट्टीत शाळेत गेलो, तर तिघांचीही यंत्रं टेबलावर काढून ठेवलेली. सेल पुरवून पुढच्या तासाला ऐकू यावं म्हणून मुलं सुट्टीत बहिरी खेळत होती. माझेच सेल तिघांत वाटलेले पाहून मी भडकलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमची एकटीच बोलून काय करंल? तिच्याशी बोलणारं कुणी नको व्हय?"

मग मी बाईंना घेऊन थेट साहेबांच्या कार्यालयात गेलो. साहेब चहा ढवळत म्हणाले, "पावणं, यंत्र फुकट दिलंय की. सेल खर्चाच्या कुठल्या शीर्षात बसवू?" मी म्हणालो, "मी भंगारवाला हाय, साहेब. बंद मोटार विकताना बंद हाय म्हणून सांगतो. तुम्ही चालू म्हणून फोटो काढलासा." बाईंनी मला बाहेर ओढलं. "ओरडू नका, दादा… माझा करार ह्याच टेबलावरनं पुढं सरकतोय." इतकी वर्षं शिकवूनही त्या बाईला दर वेळी त्या टेबलापुढे नव्याने उभं राहावं लागत होतं.

शोकसभेत तेच साहेब 'समर्पित शिक्षिका' म्हणून गहिवरले आणि वर्गखोलीला बाईंच्या नावाची पाटी लावण्याची घोषणा केली. जिवंतपणी कायम नोकरी नाही, मेल्यावर पाटी कायम! मी उभा राहिलो. "पाटी ऱ्हाऊ द्या. मंगळवारी कोण येणार?" साहेब म्हणाले, "प्रस्ताव गेलाय. तवर पोरीला कोल्हापुरात निवासी शाळेत घाला की." ह्यांना एक शिक्षिका नेमता येत नाही, म्हणून माझ्या लहान पोरीने घर सोडायचं. मी तिला पाठवलेलं नाही, पाठवणारही नाही.

बाईंनी वैष्णवीला एक सवय लावली होती. नवा शब्द म्हणताना बाईंचा हात ती स्वतःच्या गळ्यावर ठेवायची. आतली थरथर बोटांनी जोखून बाई मानेनेच बरोबर की चूक ते सांगायच्या. आता मंगळवारी ती माझा हात गळ्याशी नेते, शब्द म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. लोखंडावर नुसतं बोट वाजवून मी त्याचा दर्जा सांगतो. इथे मात्र बोटांखाली काहीतरी थरथरतं, एवढंच कळतं… ते बरोबर की चूक, हे सांगणारं आता गावात कुणी नाही.