पैलवानाला लावलेलं वळण

रत्नाकर मूळचा माणदेशातला. मद्रासला अंबत्तूरच्या कारखान्यात भट्टीपुढं राबून केस पांढरे झालेला गडी. रात्रपाळी उरकून पहाटे घरी यायचा तेव्हा अंग आंबलेल्या पिठागत झालेलं असायचं. आणि दारात घरमालकीण अन्नपूर्णाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. बाई तंजावरकडच्या मराठी, पिढ्यान् पिढ्या इकडंच मुरलेल्या.

“अय्यो, बघा! तुमच्या कुत्र्यानं कोलम चाटलं!”

कोलम म्हणजे दारातली तांदळाच्या पिठाची रांगोळी. मुंग्या-पाखरांनी खावी म्हणूनच घालतात. पण पैलवान भाकरीवर वाढलेलं कुत्रं. पीठ दिसलं की तोंड घालायचं.

शेवटी बाईंनी तोडून सांगितलं, “पोंगलपर्यंत, म्हणजे तुमच्या संक्रांतीपर्यंत शिकवा. नाहीतर कुत्रं सोडा, नाहीतर घर.”

रत्नाकरची बायको जयवंती कुत्र्याला घेऊन आत गेली. पोरगा पुण्याला गेलेला, नवरा दिवसा घोरत पडलेला, गल्लीतलं तमिळ तिच्या डोक्यावरून जायचं. दिवसभर तिचं बोलणं ऐकून घ्यायला ते कुत्रंच होतं. रत्नाकरला हे ठाऊक होतं. म्हणून तर डोळे मिटत असताना तो दारात उकिडवा बसायचा.

आधी पायताण दाखवून बघितलं. कुत्रं बेरकी, मालक समोर असला की साधू, पाठ वळली की जीभ बाहेर. मग त्यानं मुठीत भाकरीचा तुकडा धरला. पैलवान रांगोळीकडं सरकला की “थांब”, आणि मूठ बंद. तोंड फिरवून मालकाकडं बघितलं की मूठ उघडी. रोज तेच. कधी “थांब” म्हणता म्हणता रत्नाकरचीच मान छातीवर पडायची, आणि कुत्रं आपलं थांबलेलंच.

“आवं, त्ये शिकलं. तुमी निजा आता,” जयवंती म्हणायची.

खरंच शिकलं. रांगोळी चुकवून भिंतीकडेनं अंग चोरून जायला लागलं.

मग पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना लागला. या महिन्यात इकडच्या बायका पीठ घालताना हात आखडता घेत नाहीत. बाईंनी पहिल्याच पहाटे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगोळी भरली, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं फूल खोचलं. रत्नाकर कामावरून आला, रेघा चुकवत चवड्यांवर दारापाशी पोचला, तर पैलवान उंबऱ्यात बूड टेकून कण्हत बसलेला.

“चल,” रत्नाकर म्हणाला. मूठ दाखवली. कुत्रं हलेना. थांबायला शिकवलं होतं. ओलांडायला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

“उचला की! आत्ता धार सोडंल हितंच!” जयवंती आतून ओरडली.

“पैलवान कसला, धोंडा हाय निव्वळ,” म्हणत त्यानं कुत्रं छातीशी धरलं आणि वाकडीतिकडी पावलं टाकत रस्ता गाठला.

अन्नपूर्णाबाई बघतच होत्या. “कुत्रं राहू द्या. शिकलं ते. तुम्ही कधी शिकणार?”

रत्नाकरनं वळून बघितलं. त्याच्या टाचेनं रांगोळीची एक आख्खी पाकळी फिसकटली होती.

खाली ठेवताच पैलवानानं विजेच्या खांबाशी तंगडी वर केली. बराच वेळ. रत्नाकर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. याला परत आत न्यायचं होतं. आणि महिना तर आजच लागला होता.