खालच्या घरचा फरा

माझ्या पोळ्यांचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. चौबे कॉलोनीतल्या आमच्या इमारतीत कुणाकडे पाहुणे आले की पोळ्या लाटायला मला बोलावणं यायचं. मी थोडे आढेवेढे घ्यायचे आणि हमखास जायचे. त्यामुळे लेकीच्या पोटदुखीला डॉक्टरांनी सिलिअॅक असं नाव दिलं, आयुष्यभर गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये म्हणून बजावलं, तेव्हा तिच्या काळजीच्या जोडीला मला आणखी एक गोष्ट लागली. आता या घरात माझी पोळी कोण खाणार? लेक तेव्हा अकरा वर्षांची होती आणि अंगाने नुसती काडी.

मी घरातून गहूच हद्दपार केला. कणीक, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं वाटून टाकलं. शंकर नगरच्या एका दुकानात गव्हाशिवायचं खास पीठ मिळतं असं कळलं म्हणून तिथे गेले आणि एवढ्याशा पाकिटाची किंमत बघून ते गुपचूप जागेवर ठेवलं. एका पगाराच्या घरात रोज दोन्ही वेळा ते परवडणारं नव्हतं. मग पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून वाचून ज्वारीचं पीठ आणलं आणि इतक्या वर्षांनी भाकरी थापायला बसले. कडा फाटायच्या. लेक एक तुकडा मोडायची, वरणात बुडवायची आणि ताट सरकवायची.

"काहून खात नाहीस?" मी विचारायचे.

"पेट दुखता है, आई." तिला मराठी सगळं समजतं, पण इथे छत्तीसगढात वाढलेली, तोंड उघडलं की हिंदी.

आणि हीच पोट्टी खालच्या घरी जाऊन सहा-सहा फरे खायची.

खालच्या मजल्यावर एक छत्तीसगढी बाई राहते. माझ्यापेक्षा थोडी मोठी, बोलायला मऊ. लेक तिला चाची म्हणते. ती उरलेल्या भातात तांदळाचं पीठ मळते, बोटाएवढ्या वळकट्या करून वाफवते आणि वरून तीळ आणि लाल मिरचीची फोडणी देते. हा फरा. कधी तांदळाच्या पिठाचा पातळ चीला, म्हणजे आपलं धिरडं करते, टोमॅटोच्या चटणीबरोबर. ना महागाचं पाकीट, ना मोबाइलवर बघून शिकलेली कृती. जे मी रडतकढत शिकत होते ते ती लहानपणापासून करत आली होती, आणि याला पथ्य म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं.

मला तिचा हेवा वाटायचा. जिन्यातून फोडणीचा वास वर आला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लेक हनुवटीला तीळ चिकटवून घरी यायची आणि मी ते पदराने जरा जास्तच जोरात पुसायचे. एकदा यांनीही खालून आलेला चीला खाल्ला आणि म्हणाले, "तू बी शिकून घे ना तिच्याकडून." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. सुधारणा नाही, वजन तसंच. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू जातोय. शोधून काढा." माझ्या डोळ्यांपुढे लगेच खालचं घर आलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला. तांदळाचं पीठ ती चक्कीवरच दळून आणत असणार, आणि चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. विचारायची काय गरज होती? घरी येताना ऑटोतच मी लेकीला सांगितलं, "आजपासून खाली काही खायचं नाही." ती रस्त्याकडे बघत राहिली.

पुढचे तीन आठवडे ती फक्त माझ्या हातचं जेवली. मी जिद्दीने रांधत होते. भात, भाकर, कढी आणि माझं वरण. ते माझ्या आईकडून आलेलं, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचं, वर तुपाची धार. खालची कसर भरून काढायची म्हणून वाटीही मोठी घेतली.

"आई, दाल मत दो," ती म्हणायची. "तेरी दाल से दुखता है."

"चाचीच्या हातचं पचते, अन् आईचं दुखते काय?" मी म्हणायचे. फऱ्यासाठी नाटकं करते आहे, असं मला वाटायचं. एकदा ती रडत रडत जेवली आणि मी समोर बसून वाटी रिकामी करून घेतली.

तिची तब्येत आणखी बिघडली. उलट्या सुरू झाल्या, शाळा बुडायला लागली. मी हिशेब मांडला तो असा, की ही चोरून खाली खाते आहे. एका दुपारी लेकीला पलंगावर झोपवून मी तरातरा जिना उतरले.

बाई कढईत तीळ टाकत होती. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "बिटिया यहाँ आकर खाती है क्या?"

"नहीं दीदी, तीन हफ्ते से आई ही नहीं." तिने हात थांबवला. "तबीयत तो ठीक है न?"

"आपका आटा चक्की का है. उसमें गेहूँ मिल जाता है."

ती मला मागच्या गॅलरीत घेऊन गेली. पांढऱ्या धोतरावर धुतलेले तांदूळ वाळत पडले होते. "मिक्सी में पीसती हूँ, दीदी. चक्की में गेहूँ उड़ता है न."

"कब से?"

"जब से आपने बीमारी बताई, तभी से."

माझ्यासारख्या बाईला बोलायला काही उरलं नाही की ती खोट काढते. मी तिच्या कढईत डोकावले. तीळ, मिरची, कढीपत्ता. "हींग नहीं डालतीं?"

"नहीं, हमारे घर में चलन नहीं है."

एवढं मला पुरलं. मी धावत वर गेले आणि माझी हिंगाची डबी घेऊन आले. "ये डालकर देखिए, तब स्वाद आएगा," असं म्हणून तिच्यापुढे धरली. तिने फ्रिजवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. माझ्या लेकीच्या पोटात जाणारं काहीही ती आता वाचल्याशिवाय कढईत टाकत नव्हती. डबी फिरवून तिने मागची ओळ बोट ठेवून वाचली.

"दीदी, इसमें तो गेहूँ का आटा लिखा है."

मी डबी हिसकावूनच घेतली. लिहिलेलं होतं. बिस्किटांचे पुडे वाचले होते, सॉसच्या बाटल्या वाचल्या होत्या, पण लग्नापासून वापरत आलेली ही डबी मी एकदाही उलटी करून बघितली नव्हती. हिंगात गहू कोण शोधतं? वरणात चिमूट, कढीत चिमूट, दोन्ही वेळा, रोज. आणि हे तीन आठवडे तर मोठ्या वाटीने.

मला आधी लेक आठवायला हवी होती. आधी मनात आलं ते हे, की शोधलं तिने, मी नाही. लेक त्यानंतर आठवली.

बाईने गॅस बंद केला, ताटलीत फरे काढले आणि माझ्या हातात दिले. "ले जाइए. सुबह से कुछ खाया नहीं होगा उसने."

वर लेक जागीच होती. मी तिच्याजवळ बसले. "हिंगात गहू होता बेटा. माझ्याच वरणात. मले माहीतच नव्हतं." मग मलाच आवरेना. "तू मले सांगितलं काहून नाही?"

तिने फरा उचलला होता. तो हातात तसाच धरून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बोली तो थी, आई."

हे ती रागाने म्हणाली नाही. तिने चार फरे खाल्ले आणि पाचवा माझ्यापुढे धरला. इतक्या महिन्यांत मी तो एकदाही चाखला नव्हता. चांगला झाला होता.