चिंचेने घासलेला समुद्रतळ

परवा मुलीने बॅटरीवरची स्कूटर घेतली. कॉलेज रोडवरून मला मागे बसवून आणताना ती सांगत होती, की अशा बॅटऱ्यांसाठी आता समुद्राच्या तळावरचे दगड उपसणार आहेत. त्यांत निकेल असतं, कोबाल्ट असतं. मी म्हटलं, "मला नको शिकवूस. तो दगड मी चिंचेने घासलाय."

माझे बाबा सर्वेक्षणाच्या जहाजावर तंत्रज्ञ होते. नाशिकचा माणूस, आणि महिनोन्‌महिने हिंदी महासागरावर! एका सफरीहून त्यांनी बटाट्याएवढा काळा दगड आणला. आईने तो सरळ देव्हाऱ्यात शाळिग्रामाशेजारी ठेवला. बाबा पोट धरून हसले. पण ते जहाजावर गेले की आई रोज त्याला आंघोळ घालायची, तुळस वाहायची. तो बाबांचा राखणदार झाला. आता आईबाबा दोघंही नाहीत, पण अजून चिंच भिजत घातली की मला ते दिवस आठवतात.

दिवाळीआधी पितळी देव घासायचं काम माझं. त्या वर्षी उत्साहाच्या भरात मी त्या दगडालाही चिंच लावून काथ्याने घासलं. काळं पाणी सुटलं आणि हातातच त्याचे दोन तुकडे झाले. आईने ते माझ्या हातातून काढून घेतले. भंगलेला देव घरात ठेवायचा नाही, गंगेत सोडायचा, हे तिला पक्कं ठाऊक. पण नवरा समुद्रावर असताना त्याचा राखणदार पाण्यात बुडवायचा कसा? तिने तुकडे फडक्यात बांधून ठेवले. मला ती एका शब्दाने बोलली नाही; त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. त्या दिवाळीत चकल्या झाल्या खऱ्या, पण कुणी खाल्ल्याचं आठवत नाही.

बाबा थंडीत आले. आईने चहाच्याही आधी ती पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली. तुकडे बघून बाबा हरखलेच.

"अगं, आत माशाचा दात आहे! याच्याभोवती एवढे थर चढायला लाखो वर्षं लागली."

"किती खोल होता हा?"

"अंजनेरीसारखे तीन-चार डोंगर एकावर एक रचले तरी बुडतील, इतका."

"आणि मला सांगत होतात, पाणी गंगापूर धरणाएवढंच खोल असतं म्हणून?"

आई रडायला लागली. तिला इतकं रडताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"लाखो वर्षं बिचारा तिथे निवांत होता," ती म्हणाली. "तुम्ही त्याला त्याच्या घरातून उचलून आणलंत. आणि मी रोज त्याच्याच पाया पडत होते, की ह्यांना सुखरूप घरी आण."