बाइंडरकाकांचा पिठाचा डबा

बाइंडरकाकांनी माझं पुस्तक उलटं शिवलं. चाळीस वर्षांत सुई न चुकलेल्या माणसानं मधली सोळा पानं डोक्यावर उभी केली होती.

"काका, ही पानं उलटी आहेत."

"मग तूही उलटा उभा राहा. साहित्य शिकलास ना?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "कात्री कुठंय? तूच नेलीस."

कात्री त्यांच्या हातातच होती.

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढे दुकान, मागे एक खोली, त्यात काका एकटे. मुलगा दर रविवारी पीठ, अंडी, भाजी आणायचा. पिठाचा डबा रिकामा दिसला की निर्धास्त व्हायचा. पण हा विसरभोळेपणा, हा संशय, मधूनच रडणं पाहून तो धास्तावला. येत्या रविवारी दुकानाला कुलूप आणि काका वृद्धाश्रमात, असं ठरलं.

"मला इथून उपटलं की मी संपलो," काका म्हणाले.

शनिवारी दुपारी गेलो तेव्हा स्टोव्हवर पातेलं रटरटत होतं. मला बरं वाटलं. झाकण काढलं. आत पुठ्ठे चिकटवायची खळ होती. कीड लागू नये म्हणून विषारी मोरचूद घातलेली, निळसर.

"सगळं पीठ यात जातं?"

"मग काय, पुस्तकं उघडी पडू देऊ?"

"आणि तुम्ही काय खाता?"

"चहा-बिस्किट. ही गेल्यापासून घास उतरत नाही रे."

"अंडी? भाजी?"

"शेजारणीकडे. तिचं मांजर बघ कसं माजलंय."

दोन वर्षं. मी खिशातून फोन काढला.

त्यांनी माझं मनगट धरलं. हात हलका लागला, कागदासारखा. "पोराला सांगितलंस तर आपली दोस्ती तुटली. बापाला साधं जेवणही जमत नाही म्हणेल. उद्याचीही वाट न बघता उभ्या उभ्या उचलून नेईल."

रविवारी मी दुकानातच होतो. मुलगा कुलूप घेऊनच आला. सवयीनं डबा उघडला. "पोटभर खातात, एवढं तरी समाधान."

काका माझ्याकडे टक लावून बघत होते.

"ते खात नाहीत," मी म्हणालो. "पिठाची खळ करतात."

मुलगा मटकन स्टुलावर बसला. कुलूप मांडीवर. तो डब्याचा तळच बघत होता.

"बाबा, मला एकदा तरी सांगायचं."

"तू डबा बघायचास," काका म्हणाले. "ताट कधी बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-बारा जीवनसत्त्व फार कमी निघालं. "या वयात खाणं तुटलं की मनही ढासळतं," ते म्हणाले. "पण सगळं त्यामुळंच झालंय, असं आत्ता सांगता येणार नाही. इंजेक्शनं घ्या, नीट जेवा. तीन महिन्यांनी बघू."

तोवर दुकान उघडं राहणार होतं. मुलगा रोज दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबा घेऊन येऊ लागला.

काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तीन आठवडे मी समोरच्या फुटपाथवरूनच जात होतो. काल पाय अडखळले. आत बापलेक जेवत होते. काका हळूहळू चावत होते, शिक्षा भोगल्यासारखे. मी निघालो.

"ए फितूर," आतून आवाज आला, "दारात उभं राहून घास मोजू नकोस. ताट घे."