दादाच्या गावाचं नाव

माझा मोठा भाऊ शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग Des Plaines. तो तिथे राहायला गेला तेव्हा मी अजून पुण्यातच होते. फोनवर तो म्हणाला, "डेस प्लेन्समध्ये घर घेतलंय."

मी लगेच त्याला थांबवलं. "अरे दादा, डेस प्लेन्स काय! फ्रेंच नाव आहे ते. शेवटचे एस म्हणायचे नसतात. दे प्लेन."

कॉलेजात असताना मी दोन वर्षं फ्रेंच शिकले होते. दादाच मला स्कूटरवरून क्लासला सोडायचा आणि तास संपेपर्यंत बाहेरच्या कठड्यावर पेपर वाचत बसायचा. त्या फ्रेंचचा आयुष्यात कधी काही उपयोग झाला नव्हता. तो असा अचानक झाला म्हणून मी हरखून गेले.

"बरं बाई, दे प्लेन," तो म्हणाला.

त्यानंतर मी लग्न करून न्यूझीलंडला आले. नवऱ्याची नोकरी हॅमिल्टनला, मलाही इथेच एका कंपनीत दूध पावडर तपासायच्या लॅबमध्ये काम मिळालं. तिथल्याच रोटोटुना भागात घर झालं, मुलगी झाली. दादाने लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा आम्ही पुण्यात दहा दिवस एकत्र होतो. त्यानंतर भेट नाही. नऊ वर्षं झाली. त्याला रजा असायची तेव्हा मला नसायची, मला असायची तेव्हा मुलीची शाळा. पण दर रविवारी सकाळी नऊला मी फोन करायचे. तिथे शनिवारची दुपार. "काय म्हणतंय दे प्लेन?" हे माझं पहिलं वाक्य. "दे प्लेन बरं आहे. तुझं रोटोटुना?" हे त्याचं.

यंदा जानेवारीत एका रविवारी त्याने फोन उचलला नाही. संध्याकाळी परत केला, नाही. सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी केला तेव्हा तर रिंगही वाजेना. लॅबमध्ये माझं लक्ष लागेना. शेवटी दहा वाजता मी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले आणि नेटवर शोधून शिकागोच्या पोलिसांचा नंबर लावला. एका बाईंनी उचलला. माझा भाऊ एकटा राहतो, फोन लागत नाही, कुणी जाऊन बघेल का, असं मी एका दमात सांगितलं.

"शहरात कुठे राहतात ते?"

"शहरात नाही. दे प्लेनला."

"कुठे?"

"दे प्लेन."

"मॅडम, असं गाव मला माहीत नाही."

मी पुन्हा म्हटलं, सावकाश म्हटलं, मोठ्याने म्हटलं. बाहेर उन्हाने गाडी तापली होती. मला वाटलं, मी जगाच्या या टोकाला बसलेय आणि माझा भाऊ ज्या गावात आहे ते गावच नाही. मग मी एकेक अक्षर सांगायला लागले. डी, ई, एस...

"ओह! डेस प्लेन्स!" बाई म्हणाल्या. "ते वेगळं शहर आहे, आमच्याकडे येत नाही. थांबा, त्यांचा नंबर देते."

दुसऱ्या नंबरवर मी पहिल्या फटक्यात म्हटलं, "डेस प्लेन्स." दोन्ही एस, ठळक. त्या माणसाने एकदाही मला परत विचारलं नाही.

अर्ध्या पाऊण तासाने अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे दादाच होता, एका पोलिसाच्या फोनवरून. दारासमोरच्या बर्फावरून घसरून पडला होता. घोट्याचं हाड मोडलं आणि खिशातल्या फोनची काच त्याच्याच अंगाखाली फुटली; वाजला तरी उचलता येईना, मग बंदच पडला. सरपटत आत येऊन तो दीड दिवस सोफ्यावर पडून होता, पाणी आणि बिस्किटांवर. लॅपटॉप खाली बेसमेंटमध्ये, आणि जिना उतरता येत नव्हता.

"शेजाऱ्यांना हाक मारायची ना!" मी ओरडलेच.

"म्हटलं, उद्या उतरेल सूज."

मग मी गाडीत बसून रडले. तो ऐकत राहिला. "आता मला हॉस्पिटलात घेऊन चाललेत," तो म्हणाला, "उगीच घाबरू नकोस."

प्लास्टर घालून तो घरी आल्यावर आम्ही व्हिडिओवर बोललो. दाढी वाढली होती, सगळी पांढरी. मी विचारलं, "दादा, तिथले सगळे डेस प्लेन्सच म्हणतात ना?"

"हो."

"आणि तू?"

"मीही. ऑफिसात, दुकानात, सगळीकडे."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा इतकी खूश होतीस. म्हटलं, असू दे. मग मलाच आवडायला लागलं. आठवडाभर मी डेस प्लेन्समध्ये राहायचो. शनिवारी दुपारी तेवढा तास दे प्लेनमध्ये."

माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीतून. ती म्हणाली, "ममा, यू शुड जस्ट गो."

मी अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरला. कुठे उतरणार, या रकान्यात गावाचं नाव लिहिलं. मुलाखतीची तारीख मिळाली आहे, ऑकलंडची, पण ती अजून बरीच लांब आहे. दादाला डॉक्टरांनी इतक्यात लांबचा प्रवास करू नको म्हणून सांगितलंय.

आता मी नाव बरोबर म्हणते. पहिल्या रविवारी म्हटलं तेव्हा तो हसला, पण त्याचं "बरं आहे" जरा उशिराने आलं. हल्ली आम्ही फोन लावून आपापल्या ओट्यावर ठेवतो. तो काठी टेकवून भात लावतो, मी भाजी चिरते. फारसं बोलत नाही. त्याचं घर विमानतळाजवळ आहे, घरावरून सारखी विमानं उतरत असतात.

"थांब," तो म्हणतो, "हे जाऊ दे."

मग आम्ही दोघंही हातातलं काम थांबवून तो आवाज संपेपर्यंत ऐकत उभे राहतो.