अदबीचा अँटीव्हायरस

घरच्या कॉम्प्युटरला कोणता अँटीव्हायरस घालावा, या एका प्रश्नावर सगळं काब्वे गाव तज्ज्ञ निघालं. लेविसन शावांनी आयुष्यभर रेल्वेत सिग्नल पाडले, पण सिग्नल कसा पाडावा हे शिकवायला कधी कुणी आलं नव्हतं. निवृत्तीनंतर घरात कॉम्प्युटर आला मात्र, चर्चच्या पायरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, मिनीबसच्या रांगेत सल्ल्यांचं सदावर्तच सुरू झालं. चर्चचे खजिनदार म्हणाले, सगळ्यात महाग असेल तो घ्या, महाग वस्तूच्या वाटेला व्हायरस जात नाही. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर कायम कापडाखाली झाकून बंद असायचा, त्यामुळे या विषयातला त्यांचा अनुभव दांडगा होता. शेजारच्या नर्सबाईंनी दोन अँटीव्हायरस एकदम घालायला सांगितले, म्हणजे एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा राहील. न्हावी म्हणाला, ज्याच्यावर बिबट्याचं चित्र असेल तो डोळे मिटून घ्या. शावांनी डोळे मिटलेलेच होते, कारण त्यांच्या तोंडाला साबण होता.

हे सगळं ते मन लावून ऐकत, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये एस्नार्ट होती.

एस्नार्ट म्हणजे त्यांची बायको. शेवटच्या आजारात ती लुसाकाच्या इस्पितळात होती आणि तिथून फोनवर बोलून आपला आवाज पाठवायची. प्रेमाचे दोन शब्द पाठवावेत इतकी रिकामी ती मरणाच्या दारातही नव्हती. न्शिमाचं पीठ ढवळताना हात थांबवू नका, गुठळ्या होतात. आणि झाल्याच तर त्या दिवशी कुणाला जेवायला बोलावू नका. जाड चादर ट्रंकेत तळाशी आहे, ट्रंक उपसली तर परत भरायची असते. शेजारच्या कोंबड्या भाजीच्या वाफ्यात आल्या तर त्यांच्याशी गप्पा मारत उभे राहू नका, हाकला. ती गेल्यावर वर्षभरात शावांचा फोनही गेला. नशिबानं त्याआधी मुलानं हे सगळे आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून दिले होते. रोज संध्याकाळी जेवण झालं की शावा खुर्ची ओढून बसत आणि यथेच्छ बोलणी खात. बायको जाऊनही तिची बोलणी चुकली नाहीत असा काब्वेतला हा एकमेव नवरा असावा, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावरच तो जगत होता.

अशात चर्चमध्ये बातमी आली की कुणाच्यातरी कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि लग्नाचे सगळे फोटो गेले. ते लग्न फोटोंच्या आधीच मोडलं होतं, तेव्हा नुकसान बेताचंच म्हणायचं. शावांना मात्र घास गोड लागेना. शेवटी मनाविरुद्ध ते चिटालूकडे गेले.

बाजाराच्या टोकाला निळ्या रंगाच्या एका जुन्या मालवाहू कंटेनरमध्ये चिटालूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. चिटालू बेम्बा जमातीची, शावा न्गोनी. बेम्बा आणि न्गोनी पूर्वी एकमेकांच्या जिवावर उठले होते. हल्ली ते फक्त अब्रूवर उठतात आणि एकमेकांना कझिन म्हणतात. कझिननं कझिनला वाटेल ते बोलावं. न्गोनी उंदीर खातात आणि बेम्बा माकडं, ही त्यातली नेहमीची चिडवाचिडवी. रागावला तो हरला. शावा साठी उलटलेले, चिटालू त्यांच्या मुलीच्या वयाची, पण कझिनपणात वय बघत नाहीत.

"या, या, उंदीरखाऊ," चिटालू म्हणाली. "खिशात जेवणाचा डबा नाही ना? इथे वायरी आहेत, कुरतडून ठेवायचा."

"डबा घरी ठेवलाय. म्हटलं, इथे माकडं शिजत असतील, बिचारा वासानं घाबरेल."

दुकानात बसलेली दोन-चार माणसं सावरून बसली. आता करमणूक होती.

"काय हवंय?"

"अँटीव्हायरस. पण चांगला. कझिनच्या गळ्यात मारतात तसला नको."

"तुमच्या मशिनमध्ये एक आलेलाच आहे की. फुकटचा. फुकट म्हटलं की न्गोनी माणसाला सात गावांवरून वास येतो, मग घरातलाच कसा दिसला नाही? तो चालू ठेवा. अपडेट मागेल तेव्हा द्या. स्क्रीनवर आपणहून कुणी येऊन काही सांगायला लागलं तर त्याचं ऐकू नका, सरळ बंद करा. झालं. आता उठा, खुर्चीला उंदराचा वास लागेल."

शावांनी मनाशी विचार केला. दुकान टाकून बसलेली बाई म्हणते, विकत घेऊ नका. कुठला दुकानदार असं म्हणतो? यात काहीतरी गोम होती. न्गोनी म्हातारा फुकटच्या पहारेकऱ्यावर विसंबून बसला, ही गोष्ट ही बाई पुढच्या प्रत्येक बारशाला रंगवून सांगणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"आणि एक," चिटालू म्हणाली. "त्यात जपून ठेवण्यासारखं काही असेल तर त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि कपाटात ठेवून द्या. मी काढून देते. उद्या घेऊन या मशीन." मग ती काउंटरवरून पुढे वाकली आणि तिचा आवाज बदलला. "बा शावा, हे मी खरंच सांगतेय. थट्टा नाही."

शावा हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतक्या वर्षांत या बाईनं त्यांना उंदीरखाऊ, शेपटीचोर, बिळातले पाहुणे असं काय काय म्हटलं होतं, पण 'बा शावा' असं मान देऊन कधी बोलली नव्हती. आणि तेही चेहऱ्यावरची रेषही न हलवता. एवढी उंची थट्टा त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

"वा, कझिन," ते डोळे पुसत म्हणाले. "आज जिंकलीस."

चिटालू पुढे काही बोलणार होती. पण तोवर दुकानातली माणसंही हसायला लागली होती, आणि समोर हसणारी माणसं असताना गप्प बसणं चिटालूच्या रक्तातच नव्हतं. "मग जा," ती म्हणाली, "मशीनभोवती उंदीर बसवा पहाऱ्याला." माणसं आणखी हसली. शावा तर घरी पोहोचेपर्यंत हसत होते.

त्याच आठवड्यात एका दुपारी एक सद्गृहस्थ आपणहून त्यांच्या स्क्रीनवर आले.

"माननीय श्री. लेविसन," त्यांनी सुरुवात केली. शावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माननीयच होतं. आपल्या कॉम्प्युटरमध्ये घातक व्हायरस शिरलेले आहेत, हे कळवताना आम्हाला अत्यंत खेद होत आहे. आपला अमूल्य ठेवा सुरक्षित राहावा हीच आमची इच्छा. कृपया अनुमती द्यावी. आणि कोपऱ्यात, काय सांगावं, बिबट्याचं चित्र होतं.

अमूल्य ठेवा, हे शब्द शावांच्या काळजाला भिडले. खजिनदारांनी किंमत बघायला सांगितली होती, न्हाव्यानं चित्र सांगितलं होतं, कझिननं तर उंदरांवर विषय संपवला होता. आपलं काहीतरी अमूल्य या पेटीत आहे, हे सगळ्या काब्वेत कुणाला सुचलं नाही आणि या परक्या माणसाला सुचलं. शावांना तो माणूस फार आवडला. आपला जुना पहारेकरी कृपया रजेवर पाठवावा, दोघांचं पटणार नाही, असं त्यानं सुचवलं तेव्हा त्यांनी तोही पाठवला. कृपया हो म्हणावे, असं जिथे जिथे आलं तिथे तिथे ते हो म्हणाले. इतक्या अदबीनं विचारणाऱ्याला नाही म्हणायला त्यांना आईनं शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवण आटोपून ते खुर्ची ओढून बसले, तर एस्नार्ट बोलेना. एकही आवाज उघडेना. प्रत्येकाच्या नावापुढे अगम्य अक्षरांची शेपटी लागली होती. मधोमध एक चिठ्ठी होती, तीही अदबीची. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ठेवा परत हवा असल्यास पुढील रक्कम भरावी.

ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं असताना शावा चिटालूच्या दुकानात शिरले. अंगात काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. छातीशी कॉम्प्युटर, तो एस्नार्टच्या एका चितेंग्यात, तिच्या नेसायच्या कापडात, गुंडाळलेला. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि कापड सोडलं.

चिटालूनं स्क्रीन पाहिली. ती उंदरांबद्दल काही बोलली नाही. तिनं निमूटपणे खूप खटपट केली, कुणाकुणाला फोन केले, दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं.

"काय होतं यात?" तिनं शेवटी विचारलं.

"एस्नार्ट," शावा म्हणाले. "तिचा आवाज."

चिटालूनं हात खाली घेतले. "गेलं, बा शावा. पैसे भरलेत तरी देतील याचा भरवसा नाही. माझ्या माहितीत तर कुणाला मिळालेलं नाही."

शावा बाकड्यावर बसले. घामानं त्यांची कॉलर भिजली होती.

"तू त्या दिवशी खरंच सांगत होतीस?"

"हो."

"मग तसं सांगायचं ना."

"सांगितलं की. तुम्ही हसलात."

"तूही पुढे उंदीर काढलेस."

"काढले," चिटालू म्हणाली. "चुकलंच माझं."

दारात कुणी दोघं-तिघं येऊन उभी राहिली होती.

मयताच्या घरी कझिन येतात ते रडायला नव्हे. गेलेल्या माणसाचे कपडे चढवून ते त्याच्यासारखे चालतात, त्याच्यासारखे खोकतात, घरच्यांना आधी हसवतात आणि मग धाय मोकलून रडू देतात. तो त्यांचा हक्क आहे आणि कामही. एस्नार्टनं कितीतरी वर्षं याच कंटेनरच्या सावलीत बसून भोपळ्याची पानं विकली होती, आणि तिचं प्रत्येक भांडण पत्र्यातून आत ऐकू यायचं.

चिटालूनं काउंटरवरचं कापड उचललं. कमरेला गुंडाळून त्याचं टोक एस्नार्ट खोचायची तसं डाव्या अंगाला खोचलं. एक हात कमरेवर ठेवला.

"बा शावा, या उन्हात कोट? कुणाचं लग्न आहे?"

दारातलं कुणीतरी खुदकन हसलं. शावांनी तिला खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं.

"एवढी गोड नव्हती ती," ते म्हणाले. "वरच्या पट्टीत बोलायची. आणि रागावली की 'बा' गाळायची. नुसतं शावा."

चिटालूनं घसा खाकरला.

"शावा. काढ तो कोट. घेरी येऊन पडलास तर उचलायला मी येणार आहे का?"

आवाज थेट तिचा नव्हता. पण जवळपास होता. शावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्यांनी ते पुसलंही नाही. ते बाकड्यावरून उठले.

"काढतो, काढतो," ते म्हणाले, आणि घाईघाईनं वरचं बटण सोडायला लागले.