सोवळ्याच्या तारेवरचा रेडिओ

मंडळी, ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत अजून वीज नाही, तरी आज सकाळी रेडिओ वाजला. मी क्रिस्टल सेट बनवलाय. त्याला बॅटरीसुद्धा लागत नाही, हवेतून येणाऱ्या लहरींवरच चालतो. फक्त लांब तार हवी.

तशी तार एकच होती, शेजारच्या काकूंची, सोवळं वाळत घालायची. मी गुपचूप जोडली. हेडफोनमध्ये मुंबई केंद्रावरचं भजन लागलं.

तेवढ्यात काकू आल्या. "मेल्या, तार विटाळलीस ना?"

मी हेडफोन पुढे केला. भजन संपेपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "भजन चालेल रे तारेला. बातम्या मात्र लावायच्या नाहीत."

आता लहरींना हे कोण समजावणार, तुम्हीच सांगा.